बघून लगेच सॅक भरावीशी वाटेल असे आरोहणपट: आपल्याला झेपणारे रूट कुठल्या फिल्ममध्ये आहेत?

सोनकी | रविवार, रात्री १०:४०

मंडळी, काल 'फ्री सोलो' तिसऱ्यांदा पाहिला. अ‍ॅलेक्स होनोल्डने ३ जून २०१७ला एल कॅपिटान या कॅलिफोर्नियातल्या प्रचंड कातळभिंतीचा फ्रीरायडर रूट (चढाईची ठरलेली वाट) रोपशिवाय ३ तास ५६ मिनिटांत केला, हे सगळं तोंडपाठ आहे, तरी तळहाताला घाम फुटतोच. फिल्म संपली की मात्र एक रितेपण येतं. जे पाहिलं त्यातलं काहीच माझं नाही. ५.१३ए (अमेरिकन काठिण्यप्रत, खूप वरची) या जन्मी माझ्या वाट्याला येणार नाही आणि रोपशिवाय चढायची इच्छाही नाही.

मी त्रेचाळीस वर्षांची. आठ वर्षं सह्याद्रीत चढतेय, सोपे टप्पे लीड करते (रोप घेऊन पुढे चढते), अवघड टप्प्यांना सेकंड जाते (लीडरच्या मागून, वरून धरलेल्या रोपवर). नोकरी, घर, शाळकरी मुलगा, सगळं आहे. लहानपणी वडील मला गडावर न्यायचे, त्याआधी आठवडाभर त्या गडाबद्दल सांगायचे. गडावर पोचले की ओळखीचा बुरूज दिसायचा. फिल्मकडून मला तेच हवंय. आधी पडद्यावर पाहिलेली भेग, तो कोपरा, ती लेज (कड्यातली अरुंद सपाट जागा) एक दिवस हाताखाली यावी.

तर सांगा, अशा कुठल्या फिल्म आहेत? रूट खरा हवा, आणि वर्ष-दोन वर्षांच्या तयारीने साध्या माणसाला जमण्यासारखा हवा. एव्हरेस्ट नको. तिथे दोन महिने रजा लागते आणि पैसा तर विचारूच नका.

---

बेसाल्ट | रविवार, रात्री ११:२५

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे आणि ते मी स्वतः हातांनी चाचपून आलोय. ओल्ड मॅन ऑफ हॉय.

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत. त्यातल्या हॉय बेटाच्या काठावर समुद्रात उभा असलेला १३७ मीटरचा लाल वालुकाश्माचा सुळका. १९६६ला टॉम पॅटी, ख्रिस बॉनिंग्टन आणि रस्टी बेली पहिल्यांदा चढले. पुढच्याच वर्षी, जुलै १९६७मध्ये, बीबीसीने तिथून आरोहणाचं थेट प्रक्षेपण केलं. तीन जोड्या तीन बाजूंनी चढत होत्या आणि दीड कोटी लोक घरी बसून बघत होते. त्या काळचे कॅमेरे, केबल, सगळा बाडबिस्तरा लष्कराच्या मदतीने बेटावर नेला होता. त्यातलं जेवढं आज बघायला मिळतं तेवढं जरूर बघा. बॉनिंग्टन आणि पॅटी आपल्याच आदल्या वर्षीच्या रूटवर गप्पा मारत चढताना दिसतात.

दुसरी फिल्म 'क्लाइम्बिंग ब्लाइंड'. जेसी डफ्टन नावाच्या दृष्टिहीन आरोहकाने २०१९मध्ये हाच रूट लीड केला, त्याची. त्याची जोडीदार मॉली खालून रेडिओवर त्याला होल्ड (हातापायाच्या पकडी) सांगते. लीड म्हणजे गिअर (रोप अडकवायची साधनं) त्याने स्वतः भेगेत चाचपून लावलेलं. बॉनिंग्टन तर २०१४ला ऐंशीव्या वर्षी पुन्हा जाऊन चढून आले.

मूळ रूटची प्रत ब्रिटिश पद्धतीने ई-१, अमेरिकन हिशेबात ५.१०च्या आसपास. मी एडिंबरामध्ये राहतो. तीन वर्षं चढल्यावर मागच्या जूनमध्ये सेकंड म्हणून गेलो. अवघड आहे तो दुसरा टप्पा. आधी उजवीकडे आडवं जायचं, मग ओव्हरहँग असलेल्या रुंद भेगेतून वर. आडवं जाताना पायाखाली थेट समुद्र. आणि एक गोष्ट कुठल्याच फिल्ममध्ये नीट सांगत नाहीत. हा टप्पा बाहेर झुकलेला असल्यामुळे उतरताना रॅपल करणारा (रोपवरून घसरत उतरणारा) हवेत लोंबकळतो, कातळ हाताला लागत नाही. म्हणून चढतानाच तिथे एक रोप मागे बांधून ठेवावा लागतो. तो विसरला तर परत येणं कठीण.

स्ट्रॉमनेसहून बोट, मग रॅकविक गावातून चालत. सुळक्याचं बूड कसलं आहे माहितेय? बेसाल्ट! वरचा लाल दगड बेसाल्टच्या चौथऱ्यावर उभा आहे. मी पायथ्याशी आधी त्यालाच हात लावला. घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

---

चिंटू_चढाईवाला | रविवार, रात्री ११:४८

बेसाल्टदादा, आयडी सार्थकी लागला!

---

अनघा_डी | सोमवार, सकाळी ७:१५

वाचतेय. त्या सुळक्यावर पक्षी अंगावर ओकतात असं ऐकलंय, खरं का?

---

बेसाल्ट | सोमवार, सकाळी ८:०२

शंभर टक्के खरं. फल्मर पक्षी. लेजवर अंडी घालतात आणि जवळ गेलं की तेलकट, माशांच्या वासाची वांती नेम धरून मारतात. त्यांची पिल्लंसुद्धा. माझ्या लीडरचं जॅकेट तीनदा धुतलं, शेवटी टाकून दिलं. घरटी दिसली की लांबून वळसा घ्यायचा. चूक आपलीच असते, आपणच त्यांच्या माजघरात शिरलेलो असतो.

---

ठाण्याचे_काका | सोमवार, सकाळी ९:३०

आमच्या पिढीला कातळाचं वेड लावलं ते 'क्लिफहँगर'ने. १९९३चा स्टॅलोनचा. गोष्ट रॉकी पर्वतातली, पण शूटिंग बरंचसं इटलीतल्या डोलोमाइट्समध्ये. त्यात एक लाकडी झुलता पूल आहे ना, तो खरा आहे. कोर्तिना गावाजवळ मॉन्ते क्रिस्ताल्लोवर इव्हानो दिबोना नावाच्या व्हिया फेराटावर, २७ मीटर लांब. सिनेमात तो उडवलेला दाखवलाय, प्रत्यक्षात जागच्या जागी आहे. साठी झाल्यावर मी आणि सौ. दोघांनी तो ओलांडला.

व्हिया फेराटा म्हणजे कातळात पक्क्या बसवलेल्या लोखंडी तारा, शिड्या, पायऱ्या. आपण हार्नेसला दोन फाट्यांची पट्टी लावायची, त्यात झटका शोषणारा भाग असतो, आणि दोन्ही कॅराबिनर आळीपाळीने पुढे सरकवत जायचं. पहिल्या महायुद्धात इटालियन आणि ऑस्ट्रियन सैन्यं तिथे तीन हजार मीटरच्या आसपास एकमेकांसमोर ठाण मांडून होती. तेव्हाच्या लष्करी वाटांवर पुढे यातले बरेच मार्ग उभे राहिले. वाटेत आजही पडक्या बराकी आणि कुजलेली लाकडं दिसतात. सौ. एका फळकुटाजवळ बराच वेळ बसून राहिली. म्हणाली, आपण हौसेने आलो, ती पोरं कशी राहिली असतील.

सोनकी, तुझ्या अटीत हे चपखल बसतं. लीड करावं लागत नाही.

---

घाटवाट | सोमवार, सकाळी १०:१०

काका, आदर आहे, पण असहमत. तारेला धरून जाणं म्हणजे आरोहण नव्हे. सोनकीताईंनी रूट विचारलाय. तिथे हाताखाली कातळ कमी आणि लोखंड जास्त. उद्या कोणी शिडीच्या वाटेलाही प्रस्तरारोहण म्हणेल.

---

ठाण्याचे_काका | सोमवार, सकाळी १०:५५

घाटवाट, मग लिंगाण्याला दर शनिवार-रविवारी जे चालतं त्याला काय म्हणायचं? वरून रोप लावलेला, माणसं जुमार (रोपवर फक्त वर सरकणारी पकड) सरकवत रांगेने वर. तेही चढलोच म्हणतात ना?

---

घाटवाट | सोमवार, सकाळी ११:२०

माझ्या मते तेही आरोहण नाही. लिंगाणा मी आधी फिक्स रोपवर केला, आणि चार वर्षांनी मित्राबरोबर स्वतः लीड करून. दोन्ही वेळा पहाटे बोराट्याच्या नाळेतून उतरून खिंडीत पोचलो, दोन्ही वेळा समोर तोच रायगड. पण पहिल्या वेळचं मला काहीच आठवत नाही. पुढच्याची पाठ आणि जुमारचा खटखट आवाज, बस. दुसऱ्या वेळेचा प्रत्येक होल्ड आजही आठवतो. कुठे दगड पोकळ वाजला, कुठल्या जुन्या बोल्टवर (कातळात ठोकलेल्या खिळ्यावर) विश्वास ठेवला नाही, सगळं. ज्याला वाट शोधावी लागते तोच चढतो.

---

अनघा_डी | सोमवार, दुपारी १:०५

घाटवाट, तुमचं म्हणणं पटतं आणि नाहीही पटत. माझी आई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर फिक्स रोपवर एक छोटा सुळका चढली आणि माथ्यावर रडली. तिला 'हे आरोहण नव्हे' असं मी सांगणार नाही.

वेगळा मुद्दा. फिल्ममध्ये जे दिसतं त्यापेक्षा सह्याद्रीत धोका वेगळाच असतो. आमच्या ग्रुपवर एका सुळक्यावर आग्या मोहोळ उठलं. लीडर तिसऱ्या टप्प्यावर, मी दुसऱ्या अँकरला (रोप बांधायच्या पक्क्या जागी). बिले (लीडरचा रोप धरून ठेवणं) सोडता येत नाही, पळता येत नाही. चेहरा जॅकेटमध्ये खुपसून, रोप घट्ट धरून बसून राहिले. अंधार पडल्यावर उतरलो. एकाला अठ्ठावीस काटे काढले. त्या वाटेला मोहोळ असल्याचं आदल्या आठवड्यात गावातल्या मामांनी सांगितलं होतं, आम्ही ऐकलं नव्हतं. सोनकीताई, कुठलीही फिल्म बघून जा, पण आधी गावात विचारा. आणि अत्तर, डिओ, धूर यातलं काहीही नको.

---

चिंटू_चढाईवाला | सोमवार, दुपारी १:३०

फल्मर परवडले म्हणायचे.

---

सांता_क्रूझकर_कॅलिफोर्नियावाला | सोमवार, रात्री ९:१५

एल कॅपिटान म्हटलं की सगळ्यांना फ्रीरायडर आणि डॉन वॉल हे अवघड रूट आठवतात. पण त्याच भिंतीवर एक रूट साध्या माणसांचा आहे. द नोज.

वॉरन हार्डिंग, वेन मेरी आणि जॉर्ज व्हिटमोर १२ नोव्हेंबर १९५८ला माथ्यावर पोचले. त्याआधी दीडेक वर्षात मिळून ४७ दिवस भिंतीवर घालवले होते. त्याच रूटवर २०१८मध्ये होनोल्ड आणि टॉमी कॉल्डवेलने १ तास ५८ मिनिटांचा विक्रम केला. या दोन टोकांच्या मध्ये आपण आहोत. तीन ते पाच दिवस, एडवर. म्हणजे गिअरला दोरशिड्या लावून त्यावर उभं राहत जायचं. सगळं फ्री (फक्त हातापायांनी, रोप केवळ पडलो तर) चढायची गरज नाही. लिन हिलने १९९३ला तो पूर्ण फ्री केला, ते वेगळं जग.

यावरची बघण्यासारखी फिल्म 'एल कॅपिटान'. चित्रण १९६८चं, प्रदर्शित झाली १९७८ला. तीन आरोहक आणि त्यांच्याबरोबर चढणारा कॅमेरावाला. तिच्यात पराक्रमाचा आव नाही. माणसं खातात, कंटाळतात, झोपतात, सामान ओढतात, सकाळी उन्हाची वाट बघतात. भिंतीवरचे दिवस खरंच तसेच जातात. मी ती पाहिली आणि मला पहिल्यांदा वाटलं, हे मला जमेल.

जमलं. पण त्याला सहा वर्षं गेली. आधी वॉशिंग्टन कॉलमचा साउथ फेस केला, ५.८ आणि सोपं एड. नोजची तालीम म्हणून बहुतेक जण तोच करतात. तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा बॅग ओढण्यातच अर्धा दिवस गेला आणि आम्ही खाली आलो. दुसऱ्यांदा पूर्ण. मग नोज. आम्ही चार दिवस घेतले, माणशी रोज साडेतीन लिटर पाणी नेलं. तिसऱ्या रात्री कॅम्प फाइव्हच्या लेजवर बायकोने दिलेले मेथीचे ठेपले काढले आणि शेजारच्या कोरियन टीमला दिले. त्यांनी आम्हाला वाळवलेले मासे दिले.

सध्या भिंतीवर रात्र काढायची तर परमिट लागतं, एवढं लक्षात ठेवा.

आणि भिंत नको असेल तर त्याच योसेमिटी दरीत नटक्रॅकर नावाचा रूट आहे. रॉयल आणि लिझ रॉबिन्स या नवरा-बायकोने १९६७ला केलेला, पाच टप्पे, ५.८. पिटॉन (लोखंडी खिळे) न ठोकता, फक्त नट (भेगेत अडकवायचे धातूचे तुकडे) अडकवून. कातळाला जखम न करता चढायचं, हा विचार अमेरिकेत रुजला त्यात या रूटचा मोठा वाटा. सोनकीताई, तो तुम्हाला आजही जमेल.

---

सोनकी | सोमवार, रात्री १०:०५

नवरा-बायकोचा रूट! हे वाचून खूप छान वाटलं. नटक्रॅकर लिहून ठेवला.

---

मावळचा_गडी | मंगळवार, सकाळी ८:४०

अवांतर होतंय, पण नाशिककडच्या हरिहरचे व्हिडिओ आजकाल सगळे बघतात. त्या कातळकोरीव पायऱ्या, त्यावरची रांग. त्याच किल्ल्याचा एक कडा 'स्कॉटिश कडा' म्हणून ओळखला जातो. १९८६ला डग स्कॉट तो चढला, म्हणून. डग स्कॉट म्हणजे १९७५ला डूगल हॅस्टनबरोबर एव्हरेस्टच्या नैर्ऋत्य भिंतीवरून माथा गाठणारा. गंमत अशी की तो स्कॉटिश नव्हे, नॉटिंगहॅमचा इंग्रज. आडनाव स्कॉट, म्हणून कडा स्कॉटिश झाला असणार!

हॅस्टन १९६७च्या त्या हॉयच्या प्रक्षेपणातही होता. म्हणजे बेसाल्टदादांचा सुळका आणि आमचा हरिहर यांच्यात दोन रोपांचंच अंतर.

---

बेसाल्ट | मंगळवार, सकाळी ९:१०

वा! हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. हॅस्टन पीट क्रूबरोबर आग्नेय धारेवर होता. आणि तो मात्र खरा स्कॉटिश, एडिंबराजवळचाच.

---

प्राची_एन | मंगळवार, दुपारी १२:१५

आल्प्सबद्दल कोणीच बोललं नाही. 'नॉर्डवान्ड', २००८ची जर्मन फिल्म. स्वित्झर्लंडमधल्या आयगर शिखराची उत्तर भिंत, १९३६, टोनी कुर्झ आणि सोबती. हिंटरस्टॉइसरने एक आडवा टप्पा पार केला, मग रोप काढून घेतला, आणि परतीची वाट बंद झाली. चौघेही गेले. बेसाल्ट यांनी मागे ठेवायच्या रोपबद्दल लिहिलं तेव्हा मला तेच आठवलं.

भिंत आपल्यासाठी नाहीच. पण आपल्याकडून दरवर्षी इतके लोक युंगफ्राउयोखला जातात, त्या रेल्वेचा बोगदा आयगरच्या पोटातून जातो. बोगद्यातून भिंतीत उघडणाऱ्या खिडक्या आहेत, आणि टोनीला वाचवायला गाइड बोगद्यातूनच भिंतीवर उतरले होते. मी सासू-सासऱ्यांबरोबर टूरने गेले होते. आदल्या रात्री हॉटेलात सगळ्यांना फिल्म दाखवली. दुसऱ्या दिवशी बोगद्यात गाडी शिरली तेव्हा सासरे एकदम गप्प झाले, मग हळूच म्हणाले, "तो पोरगा इथेच बाहेर लटकत होता ना?" नंतर मी एकटी आयगर ट्रेलवर चालले. भिंतीच्या अगदी पायथ्यातून जाणारी सहा किलोमीटरची पायवाट, कुणालाही जमेल अशी. ताईंच्या व्याख्येत हा रूट बसत नाही, हे मान्य. पण फिल्ममधली जागा हाताखाली आली, हे नक्की.

---

कातळपाली | मंगळवार, दुपारी ४:५०

'फ्री सोलो'कडेच परत येतो, कारण त्यात आपल्या कामाचा एक धडा आहे. होनोल्डला त्याची मैत्रीण खाली सोडत असताना रोप आखूड पडला, टोक बिले डिव्हाइसमधून निसटलं आणि तो आदळला. मणक्याला इजा झाली. २०१६ची गोष्ट, फिल्ममध्ये उल्लेख आहे. सोपा रूट, साधा दिवस. रोपच्या टोकाला एक गाठ असती तर झालं नसतं.

मी नवीन मुलांना शिकवतो तेव्हा तेवढा भाग दाखवतो. नंतरचा आठवडाभर प्रत्येक जण टोकाला गाठ मारतो. मग विसरायला लागतात. मग मी पुन्हा दाखवतो.

---

घाटवाट | मंगळवार, सायंकाळी ६:२०

+१. काल काकांना जरा तोडून बोललो. रात्री दिबोनाचे फोटो शोधून पाहिले. त्या बराकी बघून वाटलं की जायला हवं. काका, कुठल्या महिन्यात गेला होतात?

---

ठाण्याचे_काका | मंगळवार, सायंकाळी ७:०५

सप्टेंबरच्या सुरुवातीला. बर्फ वितळलेला असतो आणि दुपारची वादळं कमी. वीज चमकायला लागली तर तारेवर थांबायचं नाही, लोखंड आहे. निरोप दे, नकाशे पाठवतो. आणि राग मुळीच नाही रे.

---

तुंगभद्रा | मंगळवार, रात्री ९:४५

इतकं लांब जायचं बोलताय सगळे, एक फिल्म घराशेजारची आहे. 'पिल्ग्रिमेज', २००३ची. ख्रिस शर्मा आणि सोबती हंपीला येऊन बोल्डरिंग (मोठ्या दगडांवर रोपशिवाय छोटी चढाई) करतात ती. जगभरचे आरोहक हंपीला यायला लागले त्यात तिचा मोठा हात.

शर्मा करतो ते प्रॉब्लेम (बोल्डरिंगमधले छोटे रूट) अर्थातच कठीण. पण बोल्डरिंगची गंमत ही की त्याच पठारावर, त्याच ग्रॅनाइटवर, दहा पावलांवर तुमच्या-माझ्या जोगे शेकडो प्रॉब्लेम आहेत. पहाटे दगड थंड असतो तेव्हा चढायचं, दहानंतर सावलीत पडायचं, चारनंतर परत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ग्रॅनाइट इतका खरखरीत की तिसऱ्या दिवशी बोटांची सालटी निघतात, टेप भरपूर न्या. मंदिरं आणि अवशेष यांच्या दगडांवर अजिबात चढायचं नाही. मनाई आहे, आणि नसती तरी चढू नये.

तिथून बदामी काही तासांवर. लाल वालुकाश्म, बोल्ट मारलेले स्पोर्ट रूट, अगदी सोप्यापासून गणेश नावाच्या ८बी+पर्यंत (फ्रेंच काठिण्यप्रत, फार कठीण). सोनकीताई, आपल्याकडच्या सैल दगडाची, घसाऱ्याची सवय असलेल्या माणसाने बदामीत पहिला होल्ड धरला की तो निघून हातात येत नाही, याचंच आश्चर्य वाटत राहतं. मला तिथल्या टेंपल एरिया नावाच्या भागात पहिल्या दिवशी प्रत्येक होल्ड ठोकून बघायची सवय सुटेना. शेजारचा बंगळुरूचा मुलगा हसायला लागला.

---

अनघा_डी | मंगळवार, रात्री १०:१०

ठोकून बघायची सवय सोडू नका हो, परत आल्यावर इथे लागते.

---

सोनकी | बुधवार, सकाळी ६:५०

रात्री 'पिल्ग्रिमेज' पाहिली. मुलगा शेजारी बसला होता. तो पडद्यापेक्षा मागच्या दगडांकडे जास्त बघत होता. मध्येच म्हणाला, "आई, तो डावीकडचा छोटा दगड मला जमेल." मी फिल्म थांबवली, मागे घेतली, आणि आम्ही दोघांनी त्या कोपऱ्यातल्या दगडावर कुठे पाय, कुठे हात ते ठरवलं. हा धागा काढला तेव्हा मला नेमकं हेच हवं होतं, पण शब्दात सांगता आलं नव्हतं.

नाताळच्या सुट्टीत आधी बदामी तीन दिवस, मग हंपी चार दिवस. पुण्याहून सोलापूर-विजापूरमार्गे गाडीने. हॉयचा विचार पुढच्या दोन वर्षांसाठी. बेसाल्टदादा, तुम्हाला त्रास देणार आहे.

अनघा, आईला घेऊन येतेस का? सोप्या रूटवर वरून रोप लावू. घाटवाट आले तर लीड त्यांनी करावं.

---

घाटवाट | बुधवार, सकाळी ७:३०

येतो. माझ्याकडे ६० मीटरचा रोप आणि बारा क्विकड्रॉ (बोल्टला रोप अडकवायच्या पट्ट्या) आहेत.

---

अनघा_डी | बुधवार, सकाळी ७:४२

आई हो म्हणाली. विचारतेय, तिथे मधमाश्या आहेत का?

---

तुंगभद्रा | बुधवार, सकाळी ८:१५

बदामीत कड्यांवर मोहोळं आहेत, रूट निवडताना स्थानिक मुलांना विचारूनच जाऊ. माकडं मात्र सगळीकडे. खाऊची पिशवी उघडी टाकू नका. माझ्याकडे एक क्रॅश पॅड (दगडाखाली अंथरायची जाड गादी) आहे, अजून दोन लागतील. कोणाकडे आहेत?